उरलेलं ओतू नये

३ सप्टेंबर, गुरुवार
पोचलो एकदाचा. कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांच्या तीन. गाडीवाल्याने विचारलं, आत विटा भरल्यात का. म्हटलं, देव आहे हे पटवून देणारी पुस्तकं आहेत. मग हलकी असायला हवी होती, असं म्हणून तो निघून गेला. माणूस मला आवडला.

बरं न होणारं दुखणं असलेल्यांचं हे घर. चौदा जण आहेत आणि मी त्यांचा नवा पाळक. प्रार्थनाघराला लागून माझी खोली, टेबल खिडकीशी, कोपऱ्यात पांढरंशुभ्र बेसिन. खोलीचं दुसरं दार थेट रुग्णांच्या दालनात उघडतं. देवाच्या बाजूने मी लिहितोय ते पुस्तक इथे हां हां म्हणता पुरं होईल.

खरं तर ही जागा मी मागून घेतली ती सरांसाठी. बायबल शाळेत त्यांनी मला घडवलं, आता जबड्याच्या कॅन्सरने इथे पडून आहेत. मला बघून अर्ध्या तोंडाने हसले. अजूनही 'देवाचा वकील' म्हणूनच हाक मारतात. म्हणाले, महिन्याभराचा सोबती आहे मी. तुझ्या हातून प्रभुभोजन घेऊन सुखाने जाऊ दे, एवढंच मागणं. मी शब्द दिला.

इथले डॉक्टर नास्तिक निघाले. फार बरं झालं, माझ्या पुस्तकाला असंच गिऱ्हाईक हवं होतं. येशू मरणातून उठला त्या पुनरुत्थानावरची चाळीस पानं लगेच त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः मरणं किती पाहिलीत? म्हटलं, वाचलीत पुष्कळ. इथल्या मोठ्या सिस्टर शेजारीच होत्या, त्यांना हसू आवरेना.

६ सप्टेंबर, रविवार
पहिलं प्रभुभोजन. आमच्या जुन्या चर्चच्या मंडळीत प्रत्येकाला बोटभर उंचीची वेगळी पेली असायची. इथे भाकरीच्या तुकड्यानंतर सगळ्यांत मिळून द्राक्षरसाचा चांदीचा एक प्याला फिरतो आणि तळाशी उरेल ते पाळकाने प्यायचं. कपाटाच्या दारावर आतून चिठ्ठीच डकवली आहे: 'उरलेलं ओतू नये.' दर रविवारी आणि बुधवारी हे करायचं.

किळस आली, लिहून टाकतो. एक आजी आहेत, खिशात सतत बटणं खुळखुळवतात. त्यांची कवळी प्याल्याच्या काठावर आपटली आणि लाळेची तार माझ्या मनगटापर्यंत लोंबली. भाकरीचे भिजलेले कण वर तरंगत होते. शेवटी सर. गालाला भोक पडलंय, त्यावर पट्टी. रस प्यायले आणि पट्टीखालून गळलेलं पिवळट पाणी पुन्हा प्याल्यात टपकलं. मी पाहिलं. टप, टप.

चौदा जणांचं उष्टं. डोळे मिटून प्यायलो. कोमट होतं. मग तीनदा दात घासले, जेवायला गेलो नाही. प्रभूने कुष्ठरोग्यांना हात लावला यावर माझ्या आधीच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, वाचकांना फार आवडलेलं. ते उघडून बघवलं नाही.

संध्याकाळी दालनातले एक निवृत्त शिंपी शांतपणे वारले.

९ सप्टेंबर, बुधवार
ओतलं. दार लावलं, प्याला बेसिनमध्ये उपडा केला, नळ सोडला. कुणी पाहिलं नाही. रस हा शेवटी रसच, विश्वास मनात असतो, असं स्वतःला समजावलं. माझ्याइतका चांगला वकील मला कुठे मिळणार!

१४ सप्टेंबर, सोमवार
काल पुन्हा ओतलं. आज बेसिन तुंबलं. नळवाल्याने पाइप सोडवून आतून एक लांबलचक गुलाबी साय ओढून काढली, ओली, चामड्यासारखी चिवट. तिच्यात केस होते आणि एक बटण. तोंड फिरवून त्याने विचारलं की साहेब, यात टाकता तरी काय. मी म्हटलं, काही नाही. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच शिसारी आली.

२० सप्टेंबर, रविवार
एक आनंदाची गोष्ट. सिस्टर म्हणतात, इथे आठवड्याला एक तरी जातं. शिंप्यानंतर मात्र कुणी गेलेलं नाही. डॉक्टरांनी ज्यांना दोन दिवस दिले होते तेही बसून चहा मागतायत. दालनात सगळे म्हणतात, नवीन पाळकांच्या प्रार्थनेचं फळ. डॉक्टरांना मी मुद्दाम गाठून विचारलं, आता काय म्हणणं आहे? ते स्टेथोस्कोप घेऊन पुन्हा दालनात गेले. पुस्तकात नवीन प्रकरण घातलंय, आजच सहा पानं झाली.

प्याल्याचं मात्र काही कळत नाही. अर्धा भरून नेला होता, तेरा जण प्यायल्यावर काठोकाठ भरून परत आला. दाट, आणि हाताला ऊन लागला. ओतला. बेसिनच्या भोकाने तो गिळल्याचा आवाज केला.

२१ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टरांनी बटणवाल्या आजींची छाती तीनदा तपासली. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की ठोका नाही, शनिवारपासून नसावा. आजींनी आतून ओरडून विचारलं, चहाला एवढा उशीर का.

त्यांची पाठ मी पाहिली. हिरवी पडलीय. चादरीला चिकटलेली.

२३ सप्टेंबर, बुधवार
वास. उदबत्त्या, फिनेल, सगळं लावून झालं. भाकरी देताना एका आजोबांचं बोट माझ्या तळहातात राहिलं. त्यांनी माफी मागितली. माफी!

डॉक्टर नोकरी सोडून गेले. माझी चाळीस पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मेलेली माणसं उठून बसलीत, तुम्हीच जिंकलात. मला तिथेच ओकारी झाली.

आजही ओतलं. काय करू, नाकाशी नेववत नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार
सरांची पट्टी बदलताना खालचा जबडा सिस्टरच्या हातात आला. तरी सर बोलतात. कशाने बोलतात, माहीत नाही. मला एकट्याला थांबवून घेतलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, बाळा, तू ओततोस ना?

मी रडलो. त्यांनी सांगितलं ते असं: जाणारा माणूस आपल्या मरणातलं थोडं त्या प्याल्यात सोडतो. जो उभा आहे त्याने ते पोटात घ्यायचं, मग जाणाऱ्याला वाट मोकळी होते. तू परत पाठवलंस, म्हणून आम्ही इथेच कुजतोय. विश्वासाची बाजू मांडायला जीभ पुरत नाही, घसा लागतो. मग म्हणाले, तू मला शब्द दिला होतास.

२५ सप्टेंबर, शुक्रवार
बेसिन आपोआप भरतंय. नळ बंद आहे. पाच वेळा ओतलेलं सगळं वर येतंय — लाल, वर साय, सायीखाली काहीतरी वळवळतं. प्याला बुडवला. ओठापर्यंत नेला. नाही. नाही जमलं. देवा, माझ्या नाकाला तुझ्यापेक्षा जास्त मानतो मी.

नवीन प्रकरण फाडलं.

२६ सप्टेंबर, शनिवार
दालनातून दिवसभर तेरा जण मला हाका मारतायत. शिव्या नाहीत. पाळकबाबा, पाळकबाबा — एवढंच. सरांना आता हाक मारता येत नाही. खाटेवर बोटाने ठक ठक करतात.

२७ सप्टेंबर, रविवार. सकाळी दहा
दार उघडं ठेवलंय. वही बेसिनच्या काठावर. प्रार्थना केली, शब्द आठवले नाहीत, नुसतं बापा बापा म्हटलं. तेरा घोट.

पहिला. साय जिभेला चिकटली — बटण — गिळलं. सिस्टर ओरडल्या की आजी गेल्या. हसत गेल्या म्हणे.

चौथा. नख. घशात अडकलं होतं. गेलं.

सातवा. वर आलं — तोंडातच अडवलं — पुन्हा गिळलं.

आठ, नऊ, दहा. दालन शांत होतंय. वास कमी झाला.

बारा.

तेरावा सरांचा. पिवळा. मी ओळखला. सावकाश प्यायलो, थेंबही सांडला नाही. ठक ठक थांबली. सर, शब्द पाळ—

बेसिन कोरडं. पांढरंशुभ्र.

प्याल्यात मात्र थोडं आहे. कुठून? तळाशी एक दात. जीभ फिरवली — पुढची जागा रिकामी. हे माझं मरण. माझं उरलंय. माझं कोण —

सिस्टर आल्या. बोलायला गेलो, तोंड उघडत नाही. हाताने प्याला दाखवला, त्यांच्या ओठांकडे खूण केली. त्यांनी आत वाकून बघितलं, नाक दाबलं. मी असंच दाबलं होतं.

प्याला घेऊन बेसिनकडे — लिहून दाखवतोय, वही उंच धरलीय, त्या बघतच नाहीत — नळ सोडला —

सिस्टर, ओतू न