पलीकडचे पेट्रोल

मी, मयुरा हरिश्चंद्र सावे, वय ४६, व्यवसाय चिकूची रोपवाटिका, राहणार नरपड, तालुका डहाणू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी, १७ तारखेला, माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणाऱ्यांचे ऐकले असते तर माझी गाडी केव्हाच भावाच्या दारात उभी असती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नरपडचे दोन खोल्यांचे घर आई कुसुमबाई हिने हयातभर वापरावे. तिच्यानंतर ते माझा भाऊ भावेश याचे. बँकेतील ठेव पूर्णपणे आईची.

२. रोपवाटिकेतील सर्व रोपे, चाकू, कात्र्या आणि पाण्याचा पंप सुकी लडक्या धोडी, राहणार वेवजी, तालुका तलासरी, हिला. बारा वर्षे ती माझ्यासोबत आहे. तिने कलमासाठी बांधलेली फांदी माझ्यापेक्षा जास्त वेळा जगते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

३. माझी पांढरी पेट्रोल गाडीही सुकीला. नातेवाईकांना हे झोंबेल. झोंबू दे.

गाडी मूळची माझ्या वडिलांची. मला शिकवताना ते मागच्या सीटवर पिकलेल्या चिकूंची उघडी टोपली ठेवत. डहाणूला पोचलो की तळातला चिकू काढून अंगठ्याने दाबत आणि म्हणत, ब्रेक फार मारलास. पुढचे बघून आधीच पाय उचलला असतास, तर ब्रेक लागला नसता आणि जाळलेले पेट्रोल वाया गेले नसते. सुकीला मी तसेच शिकवले. तिची टोपली पहिल्याच महिन्यात शाबूत पोचली.

४. सुकीने पुढील गोष्टी चालू ठेवाव्यात. चाकांतील हवा पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना तपासावी. वेवजीकडची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, तो पावसाळ्याव्यतिरिक्त दर महिन्याला झटकावा. रोपे न्यायची नसतील त्या दिवशी टपावरचा कॅरिअर काढून ठेवावा. रिकामा असला तरी तो वारा अडवतो. रेल्वेच्या फाटकावर इंजिन बंद करावे. उतारावर मात्र इंजिन बंद करू नये, न्यूट्रलही नको. गिअरमध्ये असताना पाय उचलला की गाडी जवळजवळ काहीच पीत नाही, आणि ब्रेक व स्टिअरिंग आपल्या हातात राहतात.

५. भावेशला गाडी का नाही, ते स्पष्ट लिहिते, कारण त्याची गाडी चालवण्याची पद्धत मला किळसवाणी वाटते. तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडवतो. अर्धा क्लच दाबून चढावर उभा राहतो. पानाच्या दुकानासमोर एसी लावून, इंजिन चालू ठेवून अर्धा तास गप्पा मारतो. वडील असताना ही गाडी घेऊन जायचा, डिकीत ओल्या बोंबलांची खोकी न्यायचा आणि खाली सांडलेले पाणी तसेच ठेवायचा. २०२२ च्या मे महिन्यात चटई उचलली तर खाली अळ्या होत्या. दरवाजाच्या कप्प्यात गुटख्याची थुंकी भरलेली बाटली होती. ती मी हाताने काढली. सुकी म्हणाली, "ताई, दादाला सांगा, ही गाडी आहे, रेडा नाही. रेड्याला तरी आपण धुतो."

वरील सर्व खरे आहे. पुढचे लिहायला मला तीन वर्षे लागली.

६. आमच्याकडे कोणीही या बाजूला टाकी भरत नाही. सीमेपलीकडे, गुजरातमध्ये, पेट्रोल स्वस्त. वडिलांनी ही सवय घराला लावली. काटा लालवर आला तरी पलीकडे पोचेपर्यंत कळ काढायची. चिकूची टोपली सांभाळणारा माणूस, पण स्वस्त पेट्रोलसाठी वाकडी वाट करून जाळलेले पेट्रोल त्याला कधी दिसले नाही.

१३ नोव्हेंबर २०२२ रोजी वडील, भावेश आणि मी वेवजीला रोपे पोचवायला गेलो होतो. तिथे वडिलांच्या छातीत कळ आली. मोठे हॉस्पिटल वापीला. भावेशने गाडी घेतली, मी मागे वडिलांचे डोके मांडीवर घेऊन बसले. काटा लालच्या खाली होता. हायवेला लागण्याआधी पंप आला. भावेशने इंडिकेटर दिला, वेग कमी केला.

तेव्हा वडील म्हणाले, "इथे नको रे. पलीकडे भर."

भावेशने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी म्हणायला हवे होते, भर. मी काही बोलले नाही. घरात वडिलांचा शब्द मोडायची सवय मलाही नव्हती. त्याने इंडिकेटर बंद केला. सीमा दिसू लागली तिथे गाडी गचके खाऊन थांबली. त्याने आणि दोन ट्रकवाल्यांनी ढकलली. वडील माझ्या मांडीवर गेले.

आईने विचारले तेव्हा मी म्हणाले, "भावेशने पंप सोडला." एवढेच म्हणाले. वाक्य खोटे नव्हते. भावेश दारात उभा होता, त्याने ऐकले, आणि चप्पल घालून निघून गेला. मेलेल्या बापावर त्याने बोट ठेवले नाही. त्या दिवसापासून आई त्याच्या हातचे पाणी घेत नाही. तो बोर्डीहून येतो, फाटकाशी पिशवी ठेवतो आणि परत जातो. मी खिडकीतून पाहते. डिकीतल्या अळ्यांची जेवढी किळस आली, त्याहून जास्त मला त्या खिडकीतल्या बाईची येते.

म्हणून नोंदवते: भावेशला गाडी नाकारली ती त्याच्या चालवण्यामुळे. वडिलांच्या मरणामुळे नाही.

७. माझी मैत्रीण शितल चुरी, राहणार नरपड, हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. इतर सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम ६ मात्र सोमवारी सकाळी दहा वाजता, मला आत नेल्यावर, शितलने आईला मोठ्याने वाचून दाखवावे. भावेशला समोर बसवावे. मी जगून परत आले तर हे स्वतः सांगेन, असा माझा माझ्यावर विश्वास नाही. जगलेच, तर दोघांना सर्व माहीत असलेल्या घरात मला परत यायचे आहे.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले. शेजारच्या निर्मलाबाई मध्येच उठून अंगणात गेल्या होत्या. त्या परत आल्यावर कलम ६ पुन्हा वाचले. मग मी सही केली, आणि माझ्यासमोर त्या दोघांनी केली.

मृत्युपत्र करणार: मयुरा हरिश्चंद्र सावे (सही)

साक्षीदार:
१. रूपेश राऊत, गॅरेज चालक, डहाणू (सही)
२. निर्मला पाटील, शेजारी, नरपड (सही)

स्थळ: नरपड
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५