कुलपाचं झाकण

३ मार्च
पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. परवा शेजारी माझ्या गाडीपाशी वाकला होता. म्हणाला, चपलेचा अंगठा तुटला. बरा गाडीपाशीच तुटला!
किल्ली फिरेना. झाकणात आतून एक रबरी रिंग होती, ती काढून टाकली. आता छान फिरते. जुनं झाकण कपाटाच्या खणात, कुलपात.

९ मार्च, सकाळी
गाडीत पेट्रोलचा वास. समोर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. कुलूप असून चोरी? शेजारी मुरलेला आहे.
रविवारी लेकीला दवाखान्यातून सोडणार. पहिली नात. बायको म्हणाली, या वासात बाळाला बसवायचं नाही, माझा भाऊ आणेल.
मेहुणा! नातीला आजोबाच घरी आणणार. ठरलं.

१० मार्च
पेट्रोलच्या काट्यावर दिवसभर नजर. जागचा हलला नाही. म्हणजे थोडं थोडं नेतो.

११ मार्च
मेकॅनिक म्हणाला, काका, वाफ निसटतेय कुठूनतरी. आत धूर सोडू, जिथून बाहेर येईल तिथे गळती. पण आधी झाकण बघतो, किल्ली द्या.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! गाडी परत आणली.

१३ मार्च
स्वतःच बघितलं. हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीत पाणी घातलं, नळ्यांवर ओतलं. बुडबुडा आला की गळती सापडली. बुडबुडे फक्त माझ्या शर्टावर. तरी एका नळीला टेप गुंडाळली. वास पार गेला.
सर्दी झाली आहे.

१४ मार्च, शनिवार
बायकोने गाडीत डोकं घातलं, नाकाला पदर लावून बाहेर आली. भावाला फोन लावला.
तडक मेकॅनिककडे. अट: किल्ली माझ्या हातात राहील.
त्याने धूर सोडला. नळ्या ठणठणीत. माझी टेपही. मग मागे, कुलपाभोवतीच, पांढरा धूर निघाला.
मीच कुलूप उघडून झाकण दाखवलं.
काका, रिंग कुठंय?
म्हणालो, काढली असेल कुणी. शेजाऱ्याचं नाव सांगितलं.
माझ्या हातातल्या किल्लीकडे बघून म्हणाला, कुलूप न उघडता? जुनं झाकण बसवा काका, एका मिनिटाचं काम.

१५ मार्च, रविवार
सकाळी खणाची किल्ली सापडेना. मेहुण्याच्या हाती लागू नये म्हणून नीट लपवली होती. अकराला सापडली, माझ्याच बुटात. झाकण बसवलं, हातावर पेट्रोल सांडलं. वास बंद!
दवाखान्याकडे निघणार तोच मेहुण्याची गाडी फाटकात. पिशव्या शेजाऱ्याने वर आणल्या.
नातीला घ्यायला हात पुढे केले. तिने नाक मुरडलं. लेक म्हणाली, बाबा, आधी हात धुवा ना.
तीनदा धुतले. वास जात नाही. साबणात कुणीतरी पाणी घातलंय.
शेजारी मघाशी हात धुऊन गेला. त्याच्याकडे बघायला हवं.
नात मेहुण्याच्या मांडीवर झोपली आहे.