पाटी पुसण्याआधी

गुरुजी, न्हावऱ्याच्या शाळेत तुमचा एक नियम होता: कविता पाठ म्हणून दाखवल्याशिवाय पाटी पुसायची नाही. उसाच्या तुऱ्यावरची ती कविता तुमची स्वतःची, कुठल्याच पुस्तकात नसलेली. तुम्ही फळ्यावर लिहिलीत, आम्ही पाटीवर उतरवून घेतली, आणि गणिताला जागा हवी म्हणून मी ती ओल्या फडक्यानं पुसून मोकळा झालो. वर बघतो तर तुम्ही समोर उभे. "पुसली व्हय? मग म्हण आता." मी शेवटच्या ओळीवर अडकलो. तुम्ही मारलं नाहीत. "पाटी तुझी हाय रं, पण कविता तुझ्याकडं ठेवायला दिलीया," म्हणालात आणि ती ओळ पुन्हा सांगितलीत. माझे कान शरमेनं इतके तापले होते की ती मला ऐकूच आली नाही. मान मात्र हलवली.

पुढं कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात, संगणकाच्या खोलीत नोकरी लागली. तिथल्या युनिक्सच्या मशीनवर नवा कंपायलर बसवायचं काम माझ्याकडं आलं. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारा प्रोग्राम. आणि काय सांगू गुरुजी, तो आपला आपण घडतो! जुना कंपायलर नव्याची पहिली प्रत तयार करतो, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला. मग मशीन दुसरी आणि तिसरी अक्षर न् अक्षर ताडून बघतं. सारख्या निघाल्या तरच काम पक्कं. आजही हे लिहिताना अंगावर काटा येतोय. त्या दुपारी पहिली प्रत झाली आणि पडद्यावर आलं, डिस्क भरली, पुढच्या प्रतीला जागा नाही. शेजारी राहू गावचा माझा सोबती भेळ खात बसलाय; काम करताना मी तुमची कविता पुटपुटायचो, म्हणून तो मला कवी म्हणायचा. "अहो कवी, जुना टाका की काढून! नवा आलाय न्हवं?" मी जुना पुसला. आणि पुसल्याबरोबर तुमचा आवाज आला. नवा अजून सिद्ध झालेला नव्हता, जुन्याची प्रत जपून ठेवलेली टेप कपाटात सापडेना. नव्यात खोट निघाली असती तर हाती काहीच उरलं नसतं, त्याच मशीनवर चालणारं कारखान्याच्या प्रयोगशाळेचं सगळं काम अडलं असतं. "कवी, एवढ्या एसीत घाम कसला हो?" सोबती हसला. मी मनात तुमची कविता म्हणत बसलो, शेवटच्या ओळीपर्यंत जायचं, पुन्हा पहिलीपासून. चहा निवून गेला. अखेर दुसरी आणि तिसरी प्रत ताडून झाली. एकाही अक्षराचा फरक नाही. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, तुम्ही वर्गात आलात की राहायचो तसा.

काल शिरूरच्या घरी नातीनं तुमची कविता म्हटली. मीच शिकवलेली. ती म्हणत होती आणि मी ओठांतल्या ओठांत ताडत होतो. कुठं काना-मात्रेचा फरक नाही. "आबा, बरोबर?" "बरोबर," मी म्हणालो. पण गुरुजी, शेवटची ओळ तुमची नाही. तिला शिकवताना तिथं मी माझी घातली, आणि सगळी तुमचीच म्हणून सांगितली. तिच्या वहीतली ती ओळ खोडायला आज सकाळी रबर हातात घेतला होता. पण तिला ती पाठ झालीय.