बावीसपैकी पंधरावं ठिकाण

१२ मे, नागपूर

पोचले. सकाळी सहाला स्टेशनाबाहेर आले तरी जमीन तापलेलीच! यादीतलं हे पंधरावं ठिकाण — अजून सात. आज एकेचाळिसावा दिवस. कंबर गेली, पाय सुजले, आणि भोपाळला काय पाहिलं ते फोटो काढून बघितल्याशिवाय आठवत नाही. हौस म्हणे!

संध्याकाळी सातला चिपळूणला फोन. मायावहिनीला रोजचाच प्रश्न — आई माझी आठवण काढते का? मायाचं रोजचंच उत्तर — विचारतात, मंदा कुठे गेली, मंदा जेवली का. ऐकून बरं वाटतं आणि पुढे घास उतरत नाही. डॉक्टर म्हणाले होते, विसरणं आता भराभर वाढेल. निघताना आईने मला नावाने हाक मारली होती. "मंदा, लवकर ये." तिने मला विसरायच्या आत घरी पोचायचंय, म्हणून धावतेय नुसती.

व्हिडिओ कॉल करत नाही. मला बघून ती गोंधळली तर? नकोच.

१३ मे

अंगात ताप. लिहवत नाही.

१५ मे

माझीच अक्कल! परवा भर दुपारी एकला, डोक्यावर काही न घेता लकडगंजातून चालत निघाले. आमच्याकडे घामाच्या धारा लागतात तेव्हा कळतं ऊन आहे. इथे घामच नाही! वाटलं, कोरडी हवा, बाधत नसेल. एका दुकानाच्या पायरीवर जरा टेकले आणि तिथेच आडवी झाले.

दुकान यमुताईंचं. पासष्टीच्या, एकट्या राहतात. कूलरच्या ताट्यांत वाळ्याचं थंडाव्याचं गवत भरून देतात. त्यांनी मला आतल्या खोलीत निजवलं, लॉजवरून माझी बॅग आणवली. ऊन उतरावं म्हणून उकडलेल्या कैरीचा गर घेऊन माझ्या तळपायांना चोळत बसल्या. मी पाय ओढून घेतला.

"काहून लाजून राहिली वं? तुले पाय नाही काय?"

आठ वर्षं मी आईचे पाय धुतले, पुसले, नखं काढली. माझ्या पायांना तेवढ्या वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. रडले. चांगली हुंदके देऊन रडले! यमुताईंनी दुसरा पाय घेतला.

दोन दिवस सातचा फोन राहिला.

१७ मे

उठून बसते आता. यमुताईंना यादी दाखवली. चष्मा लावून त्यांनी बावीसच्या बावीस नावं वाचली, मग विचारलं, यातल्या कोणत्या गावात कुणाच्या घरी जेवली? एकाही नाही. त्यांनी यादीची घडी घालून परत दिली, ते जास्त लागलं. चिडले मी! म्हटलं, मला वेळ नाही हो, आई विसरायच्या आत परतायचंय. त्यांनी शांतपणे विचारलं, मग निघालीच काहून?

खरं ते सांगून टाकलं. आईचा कंटाळा आला होता. आजवर कुणाजवळ बोलले नव्हते हे.

त्यांनी सासूचं अकरा वर्षं केलं. ती गेली त्या दिवशी आधी झोपल्या, मग उठून रडल्या. ताटीत वाळा कोंबत कोंबत सांगत होत्या.

१८ मे

यादीतल्या पुढच्या जबलपूरचं तिकीट रद्द केलं. भीती वाटतेय.

२० मे, कुही

यमुताईंचे भाऊ रुपराव इथे असतात, त्यांच्याकडे आलोय. थेट गाडी समोर उभी असताना बाई फाट्याफाट्यावर थांबणाऱ्या एसटीत चढल्या! चाळीस किलोमीटरला अडीच तास. आधी जीव नुसता चडफडत होता. मग एका फाट्यावर ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला, तशा आम्हीही उतरून कडुनिंबाखाली बसलो. धानाची बांधी, म्हणजे आमच्याकडचं भाताचं खाचर, रिकामी, भेगाळलेली. बघण्यासारखं काही नव्हतं आणि मी बघत बसले होते.

यमुताईंना आईबद्दल सांगत सुटले. ती चिडली की स्वच्छ भांडीसुद्धा पुन्हा घासायला घ्यायची, आणि आम्ही भावंडं आवाजावरून ओळखायचो आज कुणाचा नंबर आहे ते. धडधाकट आई किती दिवसांनी आठवली मला!

२१ मे

रुपरावांच्या घरी दोन वेळ जेवले. फोटो एकही नाही. यमुताई म्हणतात, एकदा तोंड तरी बघ आईचं. मी विषय बदलला.

२२ मे

आज केला व्हिडिओ कॉल. मला धीर होईना म्हणून फोन यमुताईंनी धरला. मायाने तिकडे आईसमोर धरला, तर आईला दिसल्या त्या यमुताई. आईचा चेहरा उजळला. "मंदा! जेवलीस का गं?"

यमुताई गडबडल्या, माझ्याकडे बघू लागल्या. मी मानेनेच हो म्हटलं.

"जेवली, आई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. आई मला निरखत राहिली, बराच वेळ. परक्या माणसाशी हसावं तशी हसली. "या कोण गं, मंदा?"

यमुताईंनी माझा हात धरला.

"माही मैत्रीण होय, आई."