कडूबाचं अपील

३ नोव्हेंबर, सोमवार
कारागृहातल्या चहाचा आज रीतसर निषेध नोंदवतो! नवा कागदी पेला एवढासा — तीन आचमनांत रिकामा. संध्येला पुरेल, लिपिकाला नाही. सात वर्षं संस्कृत पाठशाळेत घोकंपट्टी करून इथे आवक-जावक लिहितो, त्याचं हे फळ!

बाकी — झडतीत कडूबाच्या अंथरुणात बिड्या सापडल्या. शिक्षा : महिनाभर मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, बंद. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात आत आलेला म्हातारा, जामीन अजून नाही. "मले दमा हाये पंडितजी, मी बिड्या काऊन ठेवू?" मुद्दा बिनतोड.

५ नोव्हेंबर
कडूबाने शिक्षेविरुद्ध अपील केलं. हक्कच आहे त्याचा. लिहून अर्थात मी दिलं, झकास उतरलं. अधीक्षकसाहेबांच्या सहीने वरच्या कार्यालयात जायचं.

"तानुबाई सतरा तारखेले नागपूरले जाते, ऑपरेशन हाये. त्याच्या आधी एक डाव भेटलो म्हंजे झालं."

मी थट्टा केली — चाळीस वर्षं पाहिलंस की बायकोला!

"म्हून तं," म्हणाला.

७ नोव्हेंबर
अपील माझ्या खणात. शिक्षा साहेबांनी दिलेली आणि तिच्याविरुद्धचा कागद त्यांच्यापुढेच ठेवायचा! शिपाई राजकुमार हसतो. "पंडितजी, गडचिरोलीले बदली पाह्यजे काय? राहू द्या झाकून. महिना सरला का अपील आपोआप मरते."

१० नोव्हेंबर, सोमवार
तानुबाई संग्रामपूरहून आल्या, दोन एसट्या बदलून. फाटकावरूनच परत. सोबत सून सुचिता; तिच्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

"कागद गेला ना बाप्पा वर?"

"गेला. प्रक्रिया चालू आहे." — केवढं भारदस्त खोटं!

१३ नोव्हेंबर
कडूबा रोज विचारतो. आज विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सुचिता एकटीच आली. तानुबाई ऑपरेशनच्या टेबलावरून उठल्याच नाहीत. शिक्षेचे नऊ दिवस बाकी, म्हणून सुनेलाही भेट नाही. निरोप मीच आत नेला. कडूबा म्हणाला, "कागद कुठलोक गेला होता?"

२६ नोव्हेंबर
साहेबांनी अडवलं, असं आत-बाहेर सगळे म्हणतात. मीही म्हणू दिलं. खरं हे, की साहेबांना तो कागद मी दाखवलाच नाही. ते चिडतील, हे माझं मीच ठरवलं.

आता बदलीची भीती नाही. कागद पुढे ठेवला असता तर त्यांनी मुकाट सही केली असती — ही आहे.