गोळी घेतलीस की फोन कट कर

आईला, तिच्या पायाला भिंगरी लागलेल्या धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला कसा आहे?

ताई फोनवर म्हणाली, डोकं दुखायचं थांबलं म्हणून तू बीपीची गोळी बंद केलीस. आई, माझ्या खोलीतल्या रंगारीकाकांनीही हेच केलं. "ठणठणीत आहे रे, गोळी कशाला?" म्हणायचे. गेल्या महिन्यात भिंत रंगवता रंगवता कोसळले. डॉक्टर म्हणाले, बरं वाटत होतं ते गोळीमुळेच, न विचारता बंद करायची नसते. एक हात लुळा पडला. मुलगा येऊन त्यांना गावी घेऊन गेला.

आता त्यांची खाट रिकामी आहे. मी तिच्याकडे पाठ करून जेवतो.

तू उद्याच डॉक्टरांकडे जा, चिडले तरी खरं सांग. मग ते म्हणतील तशी रोज घे. विसरलीस तर दुसऱ्या दिवशी दोन गिळू नकोस. सकाळी कामावर निघताना मी मिस कॉल देईन. गोळी घेतली असलीस तर कट कर, म्हणजे मला कळेल.

कधी चुकून उचललास तरी चालेल.

तुझाच,
धाकटा