विजेची पाळी

शिनोली,
१२ फेब्रुवारी २००८

ती. सुदर्शनदादांस धाकट्या अंजनाचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचा दमा या थंडीत कसे आहेत? माझी तब्येत उत्तम आहे, हे आधीच सांगते. कारण "एकटीला गावात जमायचं नाही" म्हणून येत्या रविवारी तुम्ही मला कायमचं आळेफाट्याला न्यायला येणार आहात. जमतं आहे.

त्रास आहे तो तुम्ही घेऊन दिलेल्या बॅटरीच्या स्कूटरचा. (गाडी चांगली आहे. आवाज करत नाही. गावात तेवढी एकच.) दुपारी वीज आली की इथे प्रत्येकाच्या पंपाचा आपोआप चालू होणारा ऑटो-स्विच एकदम उचलतो, खांबावरच्या डीपीचा फ्यूज उडतो आणि सगळं पुन्हा ठप्प. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, पण माझी स्कूटर चार्जिंगला लागली आणि गावाला चोर सापडला. "ताई, तुमची गाडी डीपी खाती," असं संपत चारचौघांत म्हणाला. ज्याच्या विहिरीवरची मोटर माझ्या गाडीच्या कितीतरी पट वीज ओढते, तो संपत! मी त्याला तिथेच उभं केलं (कॉन्व्हेंटात रांग मोडणाऱ्याला सिस्टर करायच्या तसं) आणि विचारलं, पाटाच्या पाण्याला पाळी लावता, मग विजेला का नाही? आधी वरची आळी, मग खालची, शेवटी माझी गाडी. कधी नव्हे ते गावाने ऐकलं. फ्यूज टिकला. मी दोन दिवस हवेत होते.

मग एका संध्याकाळी वीज गेली आणि शेजारची ठकूबाई दारात. "ताई, पाळी म्हंजे घ्यायचंबी आन् द्यायचंबी. तुमच्या गाडीत वीज भरल्याली, आन् आमी अंधारात व्हय?" मागोमाग वायरमन सोपान इन्व्हर्टर आणि वायरी घेऊन हजर. तेव्हापासून वीज असली की गाडी भरायची आणि गेली की गावाने रिकामी करायची. संपतच्या अक्षदाची दहावी आहे, ते एक समजू शकते. पण ठकूबाईला मालिका लागते! सुनेचं कारस्थान अर्धवट राहिलं तर म्हणे घास उतरत नाही. (हे लिहिताना तिसऱ्यांदा उठून बघून आले, कोणी वायर लावली नाही ना.)

परवा घोडेगावच्या बाजाराला निघाले, तर चढावर गाडीने मान टाकली. मागून येणाऱ्या जानकूने तिला आणि मला त्याच्या बैलगाडीत चढवून परत आणलं. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "न्हाई न्हाई, ताईंना काय झालं न्हाई. ठकूबाईची मालिका लई लांबली."

तर सांगायचं एवढंच की, मी कोणावर अवलंबून नाही. वहिनींना नमस्कार.

तुमची,
अंजना

ता. क. : रविवारी येऊ नका. मी इथून हलले, तर संपत पहिल्याच दुपारी पाळी मोडून आपली मोटर मध्येच घुसवेल.

ता. क. २ : आलातच तर तुमच्या गॅरेजमधून स्कूटरच्या बॅटऱ्यांचा आणखी एक संच आणा. कांद्याच्या गोणीत लपवून. ठकूबाईला कळलं तर त्यालाही पाळी लागेल. आणि भरूनच आणा. इथे रविवारनंतर माझा नंबर थेट गुरुवारी आहे.